रुंद होडी आणि अरुंद पूल

गेल्या श्रावणातील गोष्ट. दोन दिवस पावसाने उसंत म्हणून दिली नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी जरा उघडीप मिळताच आमचे आठ वर्षांचे नातू जेवणाचा एक जुना पाट बगलेत मारून घराबाहेर पडले. पाटाच्या मधोमध एक काठी, काठीला माझ्याच रुमालाचे शीड, आणि पाटावर कणकेने ओळीत चिकटविलेले अकरा चिंचोके, असा एकंदर थाट होता. घरामागच्या ओढ्याला त्या दिवशी वीतभर पाणी होते. नातवावर देखरेख ठेवण्याचे काम या वयात माझ्याकडे यायचे तसे आले, आणि मी छत्री टेकीत त्याच्या मागोमाग गेलो.

ओढ्यावर रस्त्याखालून एक दगडी मोरी आहे. पाट मोठ्या डौलाने तिथवर गेला आणि मोरीच्या तोंडाशी आडवा होऊन जो अडकला तो काही केल्या पुढे जाईना. मागून पाण्याचा लोट आला, शीड कलले, आणि दोन चिंचोके वाहून गेले.

मी म्हटले, "अरे, होडी एवढी रुंद कशाला केलीस?"

"आजोबा, आपण अकरा जण आहोत ना? हे तुम्ही, ही आजी, हे धाकटे आजोबा, ही काकू. लहान होडीत सगळे मावत नाहीत." मग जरा थांबून त्याने विचारले, "आता होडी लहान करायची, की मोरी मोठी करायची?"

मुलांचे प्रश्न आपण बहुधा हसून वाटेला लावतो. हा प्रश्न मात्र मला तसा लावता आला नाही. त्याचे कारण घरगुती आहे. त्या सुमारास आमच्या घरी, धाकट्या बंधूंचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर वेगळे करावे की काय, असा विषय निघाला होता. भांडण नव्हते, परंतु मुलांची लग्ने झाली, कामाच्या वेळा निरनिराळ्या झाल्या, आणि एका स्वयंपाकघरात तीन पिढ्यांची दाटी होऊ लागली होती. मी त्या गोष्टीस ठाम विरोध करून बसलो होतो. अशा वेळी अकरा चिंचोक्यांची ती होडी मोरीत अडकलेली पाहून मन चरकले, हे कबूल करणे प्राप्त आहे.

असो. त्या प्रश्नाच्या निमित्ताने मी पाहिलेले व वाचलेले काही कालवे आणि त्यांवरील पूल मनात फिरू लागले. आरंभ अर्थातच आमच्या धायरीपासून.

धायरी हे पूर्वी पुण्याच्या नैर्ऋत्येस, सिंहगडाच्या वाटेवरचे एक शेतकरी गाव होते. धारेश्वराचे देऊळ, त्याच्या भोवतालचे डोंगर, आणि खालच्या बाजूस पसरलेली शेते, एवढाच त्याचा विस्तार. आता सगळीकडे इमारती उठल्या आहेत, आणि २०१७ साली गाव पुणे महानगरपालिकेत सामील झाले. आमचे घराणे मूळचे शनिवार पेठेतील. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले, आणि नदीकाठच्या आमच्या वाड्याच्या भिंती चिखलात बसल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुढे वडिलांनी धायरीस उंचावर जागा घेतली. "पाण्यापासून दूर आणि पाण्याच्या वर" असे ते म्हणत. तरी पाण्याची संगत सुटली नाही ती नाहीच. कारण ज्या खडकवासल्याने आमचा वाडा नेला, त्याच खडकवासल्याचा कालवा या भागातून वाहतो.

खडकवासल्याचे मूळ धरण इंग्रजी अमदानीत कर्नल फाईफ नावाच्या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे बांधले गेले व १८७९ साली पुरे झाले. त्या जलाशयास त्याचेच नाव देऊन 'लेक फाईफ' म्हणत. पुढे १९०३ साली याच धरणावर विश्वेश्वरय्यांनी आपले प्रसिद्ध स्वयंचलित दरवाजे प्रथम बसविले. धरणाच्या उजव्या तीरावरून निघालेला मुठा कालवा डोंगराच्या पायथ्याशी चिकटून, चढ-उतार टाळीत, पुणे शहरातून पुढे हडपसर, लोणी, दौंड या बाजूस जातो. १९६१ च्या प्रलयानंतर जो मोठा कालवा झाला तो इंदापूर तालुक्यापर्यंत पोहोचतो. पुणेकरांच्या घागरी आणि पूर्वेकडील कोरडवाहू शिवारे, दोन्ही याच पाण्यावर भरत आली.

या कालव्यातून मालाची होडी जात नाही. कालवा बांधणाऱ्यांस पाणी न्यावयाचे होते, माल नव्हे. म्हणून त्यांनी त्यावर पूल बांधले ते बैलगाडी वरून जाण्यापुरते. खालून कोणी जाईल ही कल्पनाच त्यांत नाही. शिवाय शेतीच्या कालव्यास पाणी वाहते हवे असते; ते मंदावले की गाळ तळाशी बसतो. होडीस मात्र पाणी जवळजवळ स्थिर हवे असते, नाहीतर प्रवाहाविरुद्ध येताना दुप्पट कष्ट पडतात. पिकाला पाणी आणि होडीला वाट या दोन गोष्टी एकाच कालव्याकडून मागणे म्हणजे एकाच बैलाकडून नांगर ओढवून घेऊन लगेच त्यालाच शर्यतीत उतरविण्यासारखे आहे.

तरीही आपल्या देशात तसा प्रयत्न झाला. प्रोबी कॉटली यांनी हरिद्वारहून काढलेला गंगेचा मोठा कालवा १८५४ साली वाहू लागला. त्यात शेती व नौकानयन असे दोन्ही हेतू होते. जिथे पाणी पायरीसारखे खाली उतरते, तिथे होड्यांसाठी बाजूने वेगळी वाट आणि दारांचे हौद बांधले होते. पण पाण्याचा वेग अधिक पडला, आणि होड्यांची वाहतूक योजनाकारांच्या अपेक्षेइतकी कधीच झाली नाही. दक्षिणेत आर्थर कॉटन यांनी मात्र आपल्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी समुद्रापाशी धवळेश्वरम येथे अडविली. ते काम १८४७ ते १८५२ या काळातले. तिथली भूमी सपाट, पाणी संथ. त्यामुळे त्या कालव्यांतून भात पिकलेही आणि होड्यांतून वाहिलेही. कॉटन यांनी कॉटलींच्या कालव्यावर जाहीर टीका केली, कॉटलींनी उत्तरे दिली, आणि हा वाद त्या काळी फार गाजला. मला त्यातून एवढेच दिसते, की जमिनीचा उतार आणि पहिल्या आराखड्यातील काही फूट, यांवर पुढच्या शंभर वर्षांचे भवितव्य ठरून जाते.

त्याच बाजूस मद्रासेचा बकिंगहॅम कालवा आहे. १८७७-७८ च्या मोठ्या दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी त्याचा बराच भाग खणला गेला. समुद्रकाठाने शेकडो मैल होड्या त्यातून मीठ, लाकूड, धान्य नेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातून जी उंचावरची आगगाडी धावू लागली, तिचे खांब या कालव्याच्या पात्रातच उभे केले गेले. रिकामी पडलेली जागा, असा त्यामागील विचार. वरून माणसांची ये-जा वाढली. खालची वाट मात्र कायमची बुजली. पूल म्हणजे नेहमी जोडणारीच वस्तू, असे आपण समजतो. पण तो वरच्यांना जोडताना खालच्यांना तोडू शकतो.

पण रुंद होडी अरुंद पुलाखालून प्रत्यक्ष कशी जाते, हे मी पाहिले ते इंग्लंडात. माझा पुतण्या नोकरीनिमित्त मिल्टन कीन्स या गावी सहकुटुंब राहतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो. त्याच्या गावातून ग्रँड युनियन नावाचा कालवा जातो. लंडन आणि बर्मिंगहॅम ही दोन शहरे त्याने जोडली आहेत. पुतण्याच्या एका मित्राचे घर म्हणजे त्या कालव्यातील होडीच. सुमारे ६० फूट लांब, १२ फूट रुंद, आत स्वयंपाकघर, शेगडी, पुस्तकांचे कपाट. "काका, एक दिवस आमच्याबरोबर चला," असे त्या मित्राने म्हटले, आणि आम्ही सकाळीच दशम्या बांधून निघालो.

प्रथम ग्रेट ऊझ नदी लागली. तिच्यावरून कालवा लोखंडी डोणीतून नेलेला आहे. ही डोणी १८११ साली बसविली. खाली नदी, वर डोणी, आणि डोणीत आमची होडी. दोन्ही बाजूंस हातभरच पाणी सुटलेले. घरातील मंडळींनी एका बाजूला पाहिले तो नदीपर्यंतचा मोकळा उतारच दिसला, आणि त्यांनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. पण खरी परीक्षा पुढे होती, ती विटांच्या कमानदार पुलांची.

या पुलांची एक गंमत आहे. पूर्वी होड्या घोडे ओढीत. म्हणून कमानीखाली एका कडेस घोड्याची पायवाट सोडली आहे आणि उरलेल्या भागातून पाणी जाते. त्यामुळे कमानीचा मध्य आणि पाण्याचा मध्य एक नाही. कडेच्या लोखंडी पट्ट्यांवर घोड्यांच्या दोरांनी कापलेल्या खोल खाचा अजून आहेत. आपल्याकडे जुन्या विहिरीच्या काठावर दोराचे वळ उमटतात तशाच. मी त्यांवर बोट फिरवून पाहिले.

पुतण्याने मला विचारले, "काका, पाणी १५ फूट रुंद आणि होडी १२ फूट, मग अडचण कसली?" मी गणिताचा जुना शिक्षक, मला भास्कराचार्यांची लीलावती आठवली. वाचकांपैकी विद्यार्थ्यांनी कागद घ्यावा. समजा, कमान अर्धवर्तुळाकार आहे आणि तिची त्रिज्या १० फूट आहे. मध्यभागी उंची १० फूट मिळाली. परंतु होडीचे छप्पर सपाट आहे. कमानीला लागायची ती त्याची कड. होडी १२ फूट रुंद असून बरोबर मध्यावर असेल, तर तिची कड मध्यापासून ६ फुटांवर येते. भुज ६, कर्ण १०, तर कोटी ८. म्हणजे कडेपाशी उंची ८ फूटच उरली. आता होडी केवळ २ फूट बाजूस सरकली असे धरा. एक कड मध्यापासून ८ फुटांवर गेली. भुज ८, कर्ण १०, कोटी ६. दोन फूट सरकताच दोन फूट उंची गेली! साडेसहा फूट उंचीचे छप्पर मध्यातून सुखाने जाते, आणि तेच दोन हात बाजूस पडले तर विटांवर घासते. ७ फुटी अरुंद होडीस हा धाक फारसा नाही. तरीदेखील तिकडच्या होड्यांच्या भिंती वर निमुळत्या होत गेलेल्या असतात, त्याचे एक कारण हेच.

दुसरी अडचण पाण्याची. होडी पुढे सरकते तेव्हा तिने सारलेले पाणी दोन्ही बाजूंनी मागे यावे लागते. मोकळ्या पात्रात त्याचे काही वाटत नाही. पुलाखाली मात्र होडीने जवळजवळ सर्व जागा व्यापलेली. पाण्याला मागे यायला फटच उरत नाही. ते पुढे दाटते, कडेने जोराने सुटते, आणि होडी आपोआप मंदावते. नवशिका नावाडी अशा वेळी यंत्राचा जोर वाढवितो. मग मागचा भाग आणखी खाली बसतो आणि होडी एका कडेकडे ओढली जाते. जाणता नावाडी उलट करतो. तो पुलाच्या बराच अलीकडे वेग उतरवितो, दुरूनच होडी सरळ करतो, आणि पुलाखाली शिरल्यावर सुकाणूशी झोंबाझोंबी करीत नाही. होडी मागून वळविली जाते व आपल्या मध्याभोवती फिरते. पुढचे टोक डावीकडे वळले की मागचे उजवीकडे जाते. म्हणून पुलाखाली शिरल्यानंतर केलेली दुरुस्ती बहुधा उशिराची ठरते. जे काही सरळ करावयाचे ते आधीच करावे लागते.

आमच्या यजमानांनी पाच पूल निर्विघ्न पार केले. सहाव्याच्या अलीकडे समोरून एक होडी आली, तिला वाट देताना आमची होडी जरा तिरकी झाली आणि छपराची कड विटांवर करकरली. कपाटातील दोन बश्या फुटल्या. यजमान शांतपणे म्हणाले, "चूक पुलाखाली दिसली, पण झाली ती शंभर यार्ड मागे." हे वाक्य मी खिशातील वहीत टिपून घेतले.

दुपारनंतर सात लॉकांची ओळ चढून आम्ही स्टोक ब्रुअर्न या खेड्यात पोहोचलो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दारे असलेला पाण्याचा हौद. होडी आत घ्यावयाची, मागचे दार लावावयाचे, वरचे पाणी हळूहळू आत सोडावयाचे. हौद भरेल तशी होडी वर उचलली जाते. हे लॉक १४ फूट रुंद आहेत. त्या खेड्यापलीकडे ब्लिस्वर्थचा बोगदा आहे. तो १८०५ साली खुला झाला व लांबीस सुमारे पावणेदोन मैल आहे. ७ फुटी दोन होड्या त्यात समोरासमोर आल्या तर एकमेकींस अंग चोरून जाऊ शकतात. १२ फुटी होडीस मात्र आधी कळवून वेळ मागून घ्यावी लागते, म्हणजे ती आत असेपर्यंत समोरून कोणास सोडले जात नाही. रुंद असण्यात दोष नाही; पण रुंद असणाऱ्याने आपल्यामुळे किती जणांस खोळंबावे लागते याची आधी वर्दी द्यावी, असा हा शिष्टाचार आहे.

त्या खेड्यात कालव्यांचे एक संग्रहालय आहे. तिथे मला हा रुंद-अरुंदाचा सगळा इतिहास उमगला. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली नावाचा एक कल्पक कारागीर इंग्लंडातील कालव्यांचा जनक ठरला. त्याचा १७६१ साली सुरू झालेला पहिला कालवा चांगला रुंद होता. पण पुढे ट्रेंट व मर्सी या नद्या जोडताना वाटेत डोंगर आला. डोंगरातून रुंद बोगदा पाडणे म्हणजे अपार खर्च. म्हणून बोगदा अरुंद केला. बोगदा अरुंद म्हणून लॉक ७ फुटांच्या होडीपुरते. आणि लॉक तसे म्हणून होड्याही तशाच. १७७७ साली तो कालवा पुरा झाला, तो पाहावयास ब्रिंडली उरला नव्हता. परंतु त्याच्या मापाने मध्य इंग्लंडच्या अनेक कालव्यांची रुंदी ठरून गेली. एका होडीत २५-३० टन माल मावे. आगगाडी आली तेव्हा या होड्या तिच्यापुढे टिकल्या नाहीत.

१९२९ साली लंडन-बर्मिंगहॅम वाटेवरचे काही कालवे एकत्र होऊन ग्रँड युनियन बनला. चालकांनी ठरविले, की आता रुंद होड्या आणावयाच्या. उत्तरेकडचे जुने अरुंद लॉक बाजूस ठेवून नवे रुंद लॉक बांधले गेले. १९३४ साली हॅटन येथे राजघराण्यातील केंटच्या ड्यूकच्या हस्ते मोठा समारंभ झाला, आणि 'प्रोग्रेस' नावाची १२ फुटांहून रुंद होडी त्यातून मिरविली गेली. पण लॉक रुंद झाले म्हणून मधली वाट थोडीच रुंद झाली? पूल जुनेच, वळणे जुनीच, कालव्याचा तळही बऱ्याच ठिकाणी जुन्याच मापाचा. दोन रुंद होड्या समोरासमोर आल्या तर एकीने थांबणे भाग. उरलेल्या कामास पैसा मिळाला नाही, आणि 'प्रोग्रेस'च्या जातीचा तांडा कधी झालाच नाही.

मग त्या रुंद लॉकांचे काय झाले? येथे कालव्यावर जन्म काढलेल्या नावाडी कुटुंबांची युक्ती कामी आली. ती अरुंद होड्यांचीच जोडी चालवीत. पुढच्या होडीस यंत्र, मागचीस नुसता दोर. लॉकमध्ये शिरताना दोन्ही होड्या अंगाला अंग लावून उभ्या राहत. ७ आणि ७ मिळून १४ फुटांचा हौद नेमका भरे. पुढे पाणी मोकळे असले की तशाच बांधून जात. अरुंद पूल आला की बांधलेले दोर सुटत, आणि एकीमागे दुसरी अशी ओळीने जात. मधला लांब दोर मात्र दोघींना धरून असे. एका होडीवर नवरा, दुसरीवर बायको आणि पोरे. संध्याकाळी मुक्कामाला पुन्हा दोन्ही होड्या शेजारी. रात्रीचे जेवण एकाच चुलीवर होई, की दोन, हे मला तिथे कोणी सांगितले नाही. पण विचारावेसे फार वाटले.

घरी परतल्यावर मला जाणवले, की अशी जोडी पाहण्यासाठी एवढ्या लांब जावयास नकोच होते. आमचे कुलदैवत गोव्यात, फोंड्याच्या बाजूस. पणजीहून तिकडे जाताना बाणस्तारीचा पूल लागतो. गुरुवारी तिथे बाजार भरतो. पुलाखालून जे पाणी वाहते तो कुंभारजुव्याचा कालवा. मांडवी व झुआरी या दोन नद्यांस जोडणारी ही सुमारे १७ किलोमीटर लांबीची खाडीवाट आहे. काठाला खारफुटीची झाडे, चिखलात ऊन खात पडलेल्या मगरी, आणि पलीकडे तिसवाडीचे बेट. खनिज लोखंडाच्या भरभराटीच्या दिवसांत मांडवीकाठचे लोखंड मोठाल्या बार्जींतून मुरगावच्या बंदराला जाई. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा धरतो व समुद्र खवळतो. मग त्या अवजड बार्जी या अरुंद वाटेने आतल्या आत झुआरीत उतरत. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा ती वर्दळ एकाएकी ओसरली. त्याआधी एका पावसाळ्यात मी बाणस्तारीच्या पुलावर उभा राहून अशी एक बार्ज खालून जाताना पाहिली होती. कठड्याशी उभा असलेला खलाशी पुलाच्या खांबाकडे अशा नजरेने पाहत होता, की जणू सुईत दोरा ओवतो आहे.

पण त्याच पाण्यावर कुंभारजुव्यास गणेशोत्सवात सांगोड निघतो. दोन होड्या शेजारी शेजारी बांधतात, त्यांवर फळ्यांचा मंच करतात, आणि त्या मंचावर देखावे सजवून गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक पाण्यातून काढतात. परकीय सत्तेच्या छळामुळे देवीला कुंभारजुव्याहून माशेलास नेले, त्याची ही आठवण आहे, असे परंपरेने सांगतात. नेहमीच्या दिवशी त्या होड्या आपापल्या कामाच्या, चिंचोळ्या. देवाचे काम निघाले की त्या जोडल्या जातात आणि त्यांच्यावर सबंध गावाचा उत्सव मावतो. उत्सव सरला की दोर सोडून पुन्हा जिच्या तिच्या घाटाला. दोर तोडीत कोणी नाही. पुढच्या वर्षासाठी गुंडाळून ठेवतात.

आता पुन्हा धायरीस येतो. खडकवासल्याचे पाणी उघड्या कालव्याऐवजी फुरसुंगीपर्यंत जमिनीखालच्या बोगद्यातून न्यावयाचे, अशी योजना पुढे आली आहे. उघड्या कालव्यातून पाणी झिरपते, उडते, चोरीस जाते. आणि २७ सप्टेंबर २०१८ रोजी पर्वतीच्या पायथ्याशी याच कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळील गरिबांची घरे क्षणात पाण्याखाली गेली, हेही आपण पाहिले आहे. १९६१ चे पाणी पाहिलेल्या माझ्यासारख्यास त्या दिवशी रात्रभर झोप नव्हती. तेव्हा बोगद्याला माझा विरोध नाही. मात्र एक विनंती आहे. बोगदा झाला तर शहरातून जाणारी ही लांबच लांब पट्टी मोकळी होईल. तिच्यावर आज घाईने जे काही बांधले जाईल, त्याच्या मापात आपली नातवंडे-पणतवंडे अडकतील. मद्रासेस रिकामे पात्र पाहून त्यात खांब रोवले गेले. ब्रिंडलीने खर्च वाचविला आणि दीडशे वर्षांनी त्याच्या देशबांधवांनी तो भरला. उद्या त्या वाटेवर झाडे हवी असतील, मुलांस शाळेत पायी जावयास रस्ता हवा असेल, किंवा आज आपल्या कल्पनेतही नसलेली एखादी रुंद होडी तिथून जाऊ पाहत असेल. सगळ्यात अरुंद पूल जेवढा, तेवढीच ती सबंध वाट. एवढे योजनाकारांनी ध्यानी ठेवावे.

आणि नातवाच्या प्रश्नाचे उत्तर? होडी लहान करावयाची, की मोरी मोठी? मोरी मोठी करणे माझ्या हाती नव्हते. ती माझ्या जन्मापूर्वीची. होडी लहान करून चार चिंचोके काठावर ठेवणे नातवाला मान्य नव्हते, आणि मलाही नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी तो जुना पाट करवतीने उभा चिरला. (त्याबद्दल आजीचे बोलणे खावे लागले, ते वेगळे.) प्रत्येक फळीला एक काठी, मध्ये सुतळी. वाहून गेलेल्या दोन चिंचोक्यांच्या जागी नवे दोन आले. एका फळीवर सहा, दुसरीवर पाच. मोरीपर्यंत दोन्ही जवळजवळ गेल्या. तिथे एक पुढे झाली, दुसरी तिच्या मागून सुतळीने ओढली गेली, आणि पलीकडे ओढा रुंदावताच दोन्ही पुन्हा हेलकावत शेजारी आल्या. नातवाने अकराही चिंचोके मोजून घेतले.

त्याच रात्री मी धाकट्या बंधूंस बोलावून सांगितले, की वरचे स्वयंपाकघर दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू करावे. जिन्याचे दार मात्र लावू नये. आणि गौरी-गणपती, दिवाळी व वडिलांची तिथी या दिवशी चूल खालीच पेटावी. ते काही बोलले नाहीत. उठताना वाकून नमस्कार केला, एवढेच. दसऱ्याला वरच्या चुलीवर पहिले दूध उतू गेले, तेव्हा आम्ही अकरा जण तिथे होतो.